होडी, पेट्रोल आणि आमचे हे

पेट्रोलवरचा कर वाढल्याची बातमी आली त्या दिवशी आमची अख्खी गुढियारी वस्ती आपापल्या स्कूटरच्या काळजीत होती. आमच्या घरात काळजी होती होडीची. समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि रायपूरच्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्याची स्वतःची मोटरची होडी! लोक हसायचे. सगळ्यांत आधी मीच हसले होते.

हसले कसली, भांडले होते. आमच्या ह्यांनी उभी नोकरी इंजिन चालवण्यात काढली. रिटायर झाल्यावर व्हरांड्यात खुर्ची टाकून जे बसले, ते तोंडाला कुलूप लावूनच. लांबून मालगाडीचा हॉर्न आला की मनगटावरचं घड्याळ बघायचे, तेवढीच हालचाल. भाजी कोणती करू? "काहीही." मुलीकडे जायचं का? "काहीही." वर्षभर मी त्या 'काहीही'शी संसार केला. माणूस समोर बसलेला असून घरात नाही, याची मला भीती वाटायला लागली होती. भीती वाटली की मी ओरडते, तशी रोज ओरडत होते.

मग एकदा धमतरीच्या पुढे धरणावर गेलो, तिथे काठावर ही फायबरची जुनी होडी विकायला ठेवलेली. ह्यांनी तिच्या मोटरचं झाकण उघडलं आणि तासभर त्या मोटरबद्दल बोलत राहिले. काठावर राहणारा मासेमार केंवट भैया होडीची राखण करायला तयार झाला. मी रस्ताभर भांडत परत आले, पण दुसऱ्या दिवशी भाजी विचारली तर हे म्हणाले, "भरलं वांगं कर." मी गुपचूप वांगी आणायला गेले.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही पाण्यावर. हे मागे मोटरपाशी, मी पुढे नारिंगी जॅकेटात कोंबलेली, देवाचं नाव घेत. मला पोहता येत नाही. आणि ह्यांची एक खोड. इंजिनात नियम असतो की सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात लांब करून तो मोठ्यानं सांगायचा आणि शेजारच्या असिस्टंटनं तोच शब्द परत म्हणायचा. दोघांनी म्हटल्याशिवाय सिग्नल पाहिला असं धरत नाहीत. धरणावर ना खांब ना दिवा, पण पुढे मोकळं पाणी दिसलं की हे हात ताठ करून ओरडायचे, "ग्रीन!"

मी होडीची कड घट्ट धरून बसायची.

"काहून गप्प बसली? कॉल रिपीट कर!"

"मी काय तुमची असिस्टंट आहो? मले मळमळून राहिलं."

मोटरच्या आवाजात बाकी काही बोलणं व्हायचंच नाही. पण घरी येताना ह्यांचा चेहरा उजळलेला असायचा आणि आठवडाभर पुरायचा.

कर वाढला आणि हे सगळं अडलं. ती जुनी मोटर पेट्रोल नुसती ढोसायची. ह्यांना पैशापेक्षा त्यातला अन्याय जास्त झोंबला. "रस्त्यासाठी म्हणून सेस घेतात," हे म्हणाले, "पाण्यावर कोणता रस्ता बांधून राहिले हे?" बाजू खरीच होती. कर माफ करावा म्हणून अर्ज लिहिला, नवा रायपूरच्या सरकारी कचेरीत जाऊन आले. तिथला बाबू सज्जन होता, चहासुद्धा पाजला. पण अर्जात वाहनाचा नंबर लागत होता आणि होडीला नंबर प्लेट नव्हती. कोळ्याची होडी असती तर निदान विचारता आलं असतं. हौसेच्या होडीला कोणत्या रकान्यात बसवायचं हे त्यालाही कळेना. अर्ज परत आला.

दर रविवारचं जाणं महिन्यातून एकदा झालं, मग तेही थांबलं. होडीवर ताडपत्री पडली. हे पुन्हा खुर्चीत. भाजी कोणती? "काहीही." मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मी, बेच दो ना, पापा वैसे भी नहीं जाते." मराठी सगळं कळतं हिला, पण उत्तर हिंदीतच देते. मी फोन ठेवून दिला.

तिनं मला सांगितलं तेच ह्यांनी परस्पर करायला घेतलं होतं. एका सकाळी म्हणाले, "चल, धरणावर जाऊन येऊ." मी खूश होऊन डबा भरला. पोचलो तर काठावर एक गृहस्थ मोबाइलवर होडीचे फोटो काढत उभा. त्याचं लग्नाचं लॉन होतं. होडीत माती भरून फुलझाडं लावायची, म्हणजे नवरा-नवरीला फोटोला बरं, असं तो मला हौसेनं समजावून सांगायला लागला. मोटर त्याला नकोच होती.

डोक्यात अशी तिडीक गेली! ह्यांच्याकडे बघितलं. हे खिशातून विक्रीचा कागद काढून चष्मा शोधत होते, आणि चेहरा अगदी व्हरांड्यातला. हा कागद गेला की हा माणूसही गेला, मला स्वच्छ दिसलं. एरवी मी तोंडाची तिखट, पण त्या वेळी एक वाक्य सुचेना. पेन कागदाला टेकलं आणि माझा हात आपोआप समोर ताठ झाला.

"रेड!"

केवढ्यानं ओरडले मी! लॉनवाला दोन पावलं मागे सरकला. ह्यांचं पेन थांबलं. वर बघितलं, माझ्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"रेड," ह्यांनी म्हटलं, अगदी हळू. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

लॉनवाल्याची माफी मी मागितली, डब्यातले दोन लाडूही दिले. तो गेल्यावर ह्यांनी टाकीचं झाकण उघडून बघितलं. मोटरच्या टाकीत थेंब नव्हता. केंवट भैया हे सगळं बघत जाळं सुकवत बसला होता. तो म्हणाला, "चप्पू तो हे दीदी. पेट्रोल काबर?" पेट्रोल कशाला हवं, असं म्हणत आपल्या झोपडीतून वल्ह्यांची जोडी घेऊन आला.

एवढी साधी गोष्ट इतके महिने आमच्या दोघांच्या डोक्यात आली नाही. इंजिनवाल्याच्या घरी वल्हं कोणाला आठवणार?

वल्ही मारताना पाठ पुढे असते हे मला तेव्हा कळलं. ह्यांना तर ते मुळीच सोसेना. जन्मभर समोर बघून गाडी हाकलेला माणूस, दर दोन वल्ह्यांनी मान वळवून बघायचा आणि होडी गोल फिरायची. शेवटी मी चिडून म्हणाले, "तुम्ही मुकाट वल्ही मारा. समोर मी बघून राहिली." आणि पुढे मोकळं पाणी होतं म्हणून म्हटलं, "ग्रीन."

"ग्रीन," मागून लगेच आलं.

मोटर नव्हती, तर सगळं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं हे आपणहून बोलायला लागले. एका रेल्वे फाटकापाशी एक म्हातारी मोहाची फुलं वाळवत बसायची. हे हॉर्न द्यायचे, ती हात वर करायची. कित्येक वर्षं असं चाललं.

"मले कधी नाही सांगितलं ते?"

"इंजिनात आवाज असते. घरी आलो की झोप."

त्या दिवसापासून जाताना वल्ही आणि येताना, वारा समोरून असतो म्हणून, मोटर, असं ठरलं. तेवढं पेट्रोल परवडत होतं. खुर्ची अजून व्हरांड्यात आहे, त्यावर आता वाळलेले टॉवेल पडलेले असतात.

मग पेट्रोलवरचा कर कमी केल्याची बातमी आली. थोडाच कमी, पण हे पोरासारखे नाचले. पुढच्या रविवारी कॅन काठोकाठ भरून घेतला. तरी निघताना सवयीनं वल्हीच हातात घेतली आणि पाण्याच्या मधोमध, पावसात अडकलेल्या एका गाडीची गोष्ट सांगता सांगता थांबले.

"अवं, आता तर स्वस्त झालं. लावू का मोटर?"

मी समोर बघितलं. पाणी थेट डोंगरापर्यंत मोकळं होतं, साधा बगळासुद्धा वाटेत नव्हता. पण मोटर लागली की गोष्ट तिथेच राहणार, हे मला आता ठाऊक होतं. मी हात ताठ केला.

"रेड."

हे पाठमोरे, त्यांना काही दिसत नव्हतं. तरी पुढे पाणी मोकळंच आहे हे त्यांना कळलं असावं, कारण आधी हसले.

"रेड," म्हणाले, आणि गाडी जिथे अडकली होती तिथून पुढे सांगायला लागले.