अक्काने नेलेली वाटी

खुर्चीवरून खाली आले तेव्हा ताट टेबलावर तसंच झाकलेलं होतं. फरशी गार होती. डोळे उघडे होते, पण जीभ हलत नव्हती आणि हात कुठे पडलाय ते कळत नव्हतं. वर टेबलावर लॅपटॉप चालू होता. त्यातून माझी विद्यार्थिनी विचारत होती, "माय? माय, कथा गयी?"

कुठे गेले ते मलाही सांगता आलं नसतं. घरात मी एकटी. मुलगा कामावर, सून जळगावला पेपर तपासायला गेलेली. विद्यार्थिनी तिकडे परदेशात, थंड मुलखात, ट्राम चालवणारी बाई. तिला खुर्चीची पाठ दिसत असणार आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

मी चौथी शिकलेली. शिकवायला कशी लागले, ते सांगते. माझी सून सकाळी कॉलेजात असते आणि दुपारी घरून ऑनलाइन मोठ्या माणसांना परदेशी भाषा शिकवते. इथल्यांना जर्मन, तिकडच्यांना मराठी. या ट्रामवाल्या बाईने लग्न केलं ते चोपड्याकडच्या माणसाशी. पुस्तकातली मराठी ती शिकली, पण गावी सासूपुढे एक शब्द चालेना, कारण सासू सगळं अहिराणीत बोलते. सून पुण्याकडची. ती म्हणाली, "आई, ही तुमच्या माहेरची बोली. तुम्हीच घ्या हिला, आठवड्यातून एकदा."

पहिल्या दिवशी मी तिला हाक मारायला शिकवलं. सून म्हणाली, "आई, आधी नाव सांगायला शिकवतात."

"नाव काय करायचंय? सून आहे ती, सगळ्यांना माहीत आहे. घरात शिरल्यावर आधी हाक मारतात."

"ओ अक्का, आठे ये वं!" हा आमचा पहिला धडा. म्हणजे, अक्का, इकडे ये. बाई ते दवाखान्यात बोलल्यासारखं हळू बोलली. मी म्हटलं, पोटातून काढ, मध्ये शेत आहे असं समज. तिने इतकं पोटातून काढलं, की तिच्या खालच्या मजल्यावरचा माणूस विचारायला वर आला.

मला कमी ऐकू येतं, म्हणून मुलाने लॅपटॉपला गणपतीतला मोठा स्पीकर जोडून दिलेला. त्यामुळे धडा मागच्या अंगणात जायचा आणि भिंतीपलीकडे शेजारीण राहते तिथेही. तिला सगळे अक्काच म्हणतात. ती भिंतीवरून टोमणा मारायची, "तुनी गोरी बठ्ठी गल्ली जागी करस वं!" म्हणजे, तुझी गोरी सगळी गल्ली जागी करते.

अक्का विरजणाला दही नेते आणि वाटी परत करत नाही. म्हणून दुसरा धडा वाटीचा. ही वाटी. ती वाटी. वाटी अक्काकडे आहे. अक्का वाटी देत नाही. अक्का वाटीचोर आहे. हे शेवटचं मी आवाज कमी करून शिकवलं. बाईला ते फार आवडलं. पुढे तासाला बसली की आधी तेच विचारायची, वाटी आली का? मी मान हलवायची, ती हसायची.

तिसरी गोष्ट जेवण. दुपारी दोनला माझी जेवायची वेळ, तिची सकाळच्या न्याहारीची. मग आम्ही तासालाच जेवायचो. मी भाकरी मोडायची, ती पाव. जे खायचं त्याचं नाव घ्यायचं. अशी ती भाषा शिकत होती आणि मला दुपारी जेवायला सोबत होती. कधी तिच्या खिडकीत बर्फ पडायचा आणि माझ्या खिडकीत लिंबाची सावली हलायची. जेवता जेवता बघत राहिलं की वाटायचं, दोन्ही एकाच घराच्या खिडक्या आहेत, हात लांबवला तर तिच्या टेबलावरचं मीठ घेता येईल. मीठ मी माझंच घ्यायची.

त्या दिवशी मी साखरेच्या आजाराची गोळी घेतली, ताट वाढलं आणि बसले. दोन वाजले, बाई आली नाही. अडीच झाले, तरी नाही. पाहुणं यायचं असताना आधी जेवून घ्यायचं, हे माझ्या हाताला जमत नाही. पाहुणं काचेतून येणार असलं तरी नाही. ताटावर ताट झाकलं. नंतर कळलं, त्या देशात थंडी आली की सगळ्यांची घड्याळं एक तास मागे करतात. सरकारच करतं म्हणे. ती तिच्या घड्याळाने वेळेवर होती.

तीनला ती आली, हसली, काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलत होते आणि आवाज उशिरा येत होता. मला घाम सुटला. मग फरशी आली.

फरशीवर मला काही वाईट वाटत नव्हतं, हे खरं सांगते. टेबलाखाली उजेड हिरवा झाला. माहेरच्या केळीच्या बागेत पाणी सोडलं की असा उजेड पडायचा. मी लहान होते, केळीच्या बुंध्याशी ओल्यात लपून बसलेली, पाय चिखलात गार. बांधावरून कोणीतरी मला हाक मारत होतं. मेलेली आई नव्हती ती, कोणीही असेल. हाकेला ओ दिली की काम लागतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून मी गप्प. पाणी सरीतून सावकाश पुढे येत होतं, पानं एकमेकांवर घासत होती, हाक लांब लांब जात होती. ओ न देणं फार सुखाचं होतं. आणखी थोडा वेळ गप्प राहिले असते, तर कायमचीच गप्प झाले असते.

मग हाक बदलली. माझ्याऐवजी दुसऱ्याच बाईला कोणीतरी बोलावू लागलं.

"ओ अक्का! आठे ये वं! म्हातारी पडी गयी!"

भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, "शिकी ऱ्हायनी, शिकी ऱ्हायनी! कितली बोंबलस!" तिला वाटलं, धडाच चाललाय. अक्काला दर आठवड्याला हाक मारणारं हे यंत्र, त्याच्या हाकेला कोण येणार? बाईने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. अक्काने धुणं आपटणं चालू ठेवलं. ते आपटणं मला केळीच्या बागेत ऐकू येत होतं.

मग स्पीकर फाटेल अशा आवाजात बाई ओरडली, "अक्का चोर शे! अक्का वाटीचोर!"

धुणं थांबलं.

"अक्का वाटीचोर! वाटीचोर!" मागचं दार उघडं होतं, सगळी गल्ली ऐकत असणार. पाण्याने निथळत्या हातांनी अक्का दारातून आत आली ती भांडायलाच. "कोन चोर शे वं? भायेर ये!" पडद्यातली बाई रडत खाली बोट दाखवत होती. अक्काने खाली पाहिलं.

त्यानंतर माझ्या तोंडात गूळ होता आणि अक्काचं साबणाचं बोट. गूळ साबणाचा लागला. केळीची बाग गेली, टेबलाचे पाय दिसायला लागले. एकावर शेंगदाण्याचं टरफल चिकटलं होतं. अक्का माझ्या गालावर चापट्या मारत म्हणत होती, "ऊठ वं माय, ऊठ! आधी हिले सांग, मी चोर नही!"

मला तेही बोलता येईना. वर बाई अजून म्हणतच होती, वाटीचोर, वाटीचोर. थांबायला मी तिला शिकवलं नव्हतं.

रिक्षातून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन जेवला नाहीत, साखर उतरली, अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. सून जळगावहून आली आणि पलंगाशी बसली. मग म्हणाली, "आई, तुमच्या पाहुणीला मी सांगितलंय. तुमचं जेवण झालेलं असलं तरच तास होईल."

आता मी आधी जेवते. बाई एकटी पाव खाते, मी समोर सुपारी कातरते. ती हाक मारते, मी ओ देते. अक्का वाटी अजून देत नाही. पण तिने ती दिली असती, तर मी आज जिवंत नसते.