यादीत नसलेला पाझर

आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. बी.एस्सी.च्या परीक्षेत दोनदा आपटल्यावर मला सिहोऱ्याकडच्या एका बजरीच्या खदानीवर नोकरी लागली. हुद्दा मुनीमाचा, पण ठेकेदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ट्रक पाहाले माणसं आहेत. तू फक्त पाणी सांभाळ." विज्ञान शिकलेला म्हणून माझी खास निवड झाली, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे पाण्यावरून गावाच्या शिव्या खायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

खदान गावतलावाच्या बांधाखाली होती. बजरी धुवायला पाणी लागायचं आणि खड्डा जसजसा खोल गेला तसतसं आजूबाजूचंही पाणी त्यात उतरायला लागलं. गावाने ओरड केली. मग पंचायतीत ठरलं, की खड्ड्यात जमेल ते पाणी इंजिनाने उपसायचं, तलावाच्या पाटात सोडायचं आणि ज्यांचा पाटावर हक्क आहे त्यांच्या बांध्यांना नंबराने द्यायचं. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं.

हक्कदारांची यादी माझ्या हाती आली आणि माझ्या अंगात साहेब शिरला. यादी मी पुठ्ठ्यावर चिकटवली. पाटात एक खाचेची फळी बसवली आणि तिच्यावरून किती बोटं पाणी जातं ते रोज वहीत लिहायला लागलो. फळी तिरपी बसली होती हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर मी गावकऱ्यांना मोजमापाच्या अचूकतेवर दोन भाषणं देऊन बसलो होतो. लोक ऐकून घ्यायचे, बिडी पेटवायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, प्रभाव पडतोय.

दिवाळीच्या थोडं आधी एक म्हातारी आली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, खदानीच्या खालच्या अंगाला तिची एकच बांधी.

"बाबू, माह्या बांधीत पाणी येऊन नाही राहिला," ती म्हणाली. "भारी धान आहे. आता कुठी लोंबीत दूध भरून राहिला."

मी पुठ्ठा काढला. वरून खाली बोट फिरवलं, उगाच पुन्हा खालून वर फिरवलं. "माय, तुमचं नाव यादीत नाही."

"मले पाट कायले लागते? मले तं पाझर येते."

तलावाच्या बांधातून झिरपलेलं पाणी एका बारीक नालीने बारा महिने तिच्या बांधीत यायचं. तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून ते तिचंच होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नव्हती. मी तिला समजावून सांगितलं, की पाझर यादीत धरत नाहीत. हे मला कोणी शिकवलं होतं देव जाणे. ती आणखी दोनदा आली. तिसऱ्यांदा म्हणाली, "हाच धान सालभर खायाचा आहे, बाबू." मी पुन्हा पुठ्ठा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या कारभाराने शिखर गाठलं. यादीतला पहिला नंबर ज्याचा, तो शेतकरी तुमसरच्या बाजाराला गेला होता. नंबर म्हणजे नंबर, म्हणून मी स्वतः फावडं घेऊन त्याचा धुरा फोडला आणि पाटाचं पाणी आत घेतलं. त्याचा धान हलका, म्हातारीच्या भारी धानाच्या आधी पिकणारा. आदल्याच दिवशी कापून त्याने बांधीत वाळायला पसरला होता. कापलेला धान मला दिसला होता, हे कबूल करतो. पण यादीत कापणीचा रकाना नव्हता.

संध्याकाळी तो आला तेव्हा त्याचा धान तरंगत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे माझ्यासमोर बसला.

"बाबू, कापलेल्या धानाले पाणी पाजता का तुमी?"

मी फळी, बोटं, नंबर असं काहीतरी बोलायला लागलो. त्याने हाताने थांबवलं. "पाणी त्या म्हातारीले पाह्यजे होता. तुमच्या खड्ड्यात जो पडून राहिला, तो तिचाच पाझर होय."

मी तसाच उठून खड्ड्यात उतरलो. तलावाकडच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं, अगदी तिच्या नालीच्या रेषेत. दीड महिना मी तिचंच पाणी उपसून, मोजून, दुसऱ्यांना वाटत होतो आणि तिला पुठ्ठा दाखवत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, दोन्ही निकालांच्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचं तोंड फिरवलं. जुनी नाली खदानीच्या मातीखाली गाडली गेली होती, म्हणून नवी खोदावी लागली. धान भिजलेला तो शेतकरीही फावडं घेऊन आला. माझं खोदणं पाहून त्याने मला माती उचलायच्या कामाला लावलं. चौथ्या दिवशी दुपारी पाणी म्हातारीच्या बांधीत शिरलं. मी धुऱ्यावर उभा राहिलो, कोणीतरी शाबासकी देईल अशा बेताने.

तिने एक लोंबी तोडली आणि दाणा नखाने दाबला. आत काहीच नव्हतं. दुसरी तोडली, तिसरी तोडली.

"पोचा झाला," ती म्हणाली. "आठ रोज आधी पाह्यजे होता."

मग तिने लुगड्याच्या ओच्यातून लाखोळीचं बी काढलं. आमच्याकडे कापणीआधी उभ्या धानातच, ओल्या चिखलात, लाखोळी टाकतात; उरलेल्या ओलीवर येणारं डाळीचं पीक. "ओल आली तं हे तरी होईल," म्हणत ती बांधीत उतरली आणि मुठीमुठीने बी टाकायला लागली. चपला काढून मी तिच्या मागे चिखलात उतरलो.

"माय, पुढच्या वर्षी पहिलं पाणी तुमचं," मी म्हणालो.

ती थांबली. "पुढच्या साली तुमी राहान का इथी?"

ठेकेदाराने आंधळगावकडे नवी जागा पाहून ठेवली होती. उन्हाळ्यात इंजिन तिकडे जाणार होतं आणि मीही. खड्डा इथेच राहणार होता, पाझर त्यातच पडत राहणार होता. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं.

"राहीन ना," मी म्हणालो.

तिने ते खरं मानलं. मान हलवली आणि पुढची मूठ टाकली.