घट्ट झाकणाची चरवी

मंडळी, आपली फिरती वही आज माझ्या हातात आली आहे, तर आजचंच सांगते.

माझ्या सीतेच्या लग्नात रीतीप्रमाणे मातीच्या वाडग्यांत अंकुर पेरायचे, म्हणून मी भाताचं बी भिजत घातलं होतं. चरवी पाण्याने काठोकाठ भरली, उंदरांच्या भीतीने झाकण गच्च दाबलं आणि गडबडीत चार दिवस साफ विसरले. काल उघडते तर काय, लांबच लांब पांढरे कोंब आणि मूळ एकालाही नाही!

माझ्या वन्सं तर रडवेल्याच झाल्या. "पोरगी सासरी मूळ धरायची नाही हो!"

धाकटे भाऊजी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात आहेत. ते हसले. "वैनी, कोंडलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो. मग दाण्यातली वाढीची हार्मोन्स कोंबालाच वर पिटाळतात, हवा शोधायला. मूळ थांबून राहतं. ओल्या फडक्यावर पसरा."

आज सकाळी फडक्यावर इवलीइवली मुळं! वन्सं खूश. पण सीता हळूच म्हणाली, "आई, तिथं माझी शाळेची नोकरी चालेल ना?"

लग्न आठवड्यावर आलं आणि हे मी विचारलंच नव्हतं! तशीच मेलकावेरीला विहीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "न चालायला काय झालं? डबा मी भरून देईन."

घरी येऊन निवांत कॉफी प्यायले.

सासरी मूळ धर, असं आपण सगळ्याच मुलींना सांगतो. तिथलं झाकण किती घट्ट आहे, ते तुमच्यापैकी कोणी आधी पाहून आलं होतं का?