आईची परीक्षा चालू होती आणि अक्का मागे येऊन बसल्या

हे आत्ताच सांगायचंय, नंतर लिहीन म्हटलं की माझ्याकडून ते राहूनच जातं. बोदवड स्टेशनच्या बाकावर बसून टाइप करतेय, गाडी लेट आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

माझ्या आईनं ऑनलाइन कोर्स केला. लहान मुलांना कसं सांभाळायचं, काय शिकवायचं, असा सहा आठवड्यांचा, मराठीत आणि पूर्ण फुकट. आई दहावी पास. आमच्या घराजवळच्या बालवाडीला मदतनीस हवी होती. तिथल्या मॅडमनी आईला सांगितलं, "ताई, मला तुम्हीच हव्या आहात. पण शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारपर्यंत असल्या कोर्सचं सर्टिफिकेट आणा. नाहीतर दुसऱ्या एक बाई तयार आहेत." लग्न झाल्यापासून आईनं घराबाहेर काम केलेलं नाही. तिला ते किती करायचं होतं हे मला तेव्हा कळलं. बावीस वर्षं एका घरात राहून, तेव्हा.

खातं मी उघडून दिलं. मी स्वतः असे कोर्स खूप करते, म्हणजे खूप सुरू करते. व्हिडिओ दुप्पट स्पीडनं पळवते, परीक्षा अंदाजानं देते, झालं. आई प्रत्येक वाक्याला व्हिडिओ थांबवून वहीत लिहायची. शिकवणाऱ्या बाई मध्येच "बरं का" म्हणाल्या तर तेही लिहायची.

त्यात ते दिवस बिबड्यांचे. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, उन्हाळ्यात वर्षभराचे करून ठेवतात. ते कोणी एकटं करत नाही. गल्लीतल्या सगळ्या जणी आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. तर आईनं फोन डब्याला टेकवून ठेवला आणि गच्चीवर थापता थापता कोर्स सुरू झाला. आठ बायकांचा. दर आठवड्याची छोटी चाचणी आली की आई प्रश्न मोठ्यानं वाचायची.

"मूल जेवत नसेल तर काय कराल? अ, जबरदस्तीनं भरवू. ब, थोडं थांबू. क, मोबाइल दाखवू."

"क लाव," शेजारची काकू म्हणाली.

"तुझा नातू क वरच मोठा झाला ना," दुसरीनं लगेच टोमणा मारला.

मग समोरच्या अक्का. सत्तरीच्या, माहेर शिरपूरकडचं, इतकी वर्षं इथे राहून अहिराणीच बोलतात. "पोऱ्याले भूक ते लागू दे, मंग खाई तो."

आईनं ब लावलं. बरोबर. त्या आठवड्यात दहापैकी दहा.

मी म्हटलं, "आई, हे तू एकटीनं सोडवायचं असतं."

"मग बिबडेपण एकटीनंच थापू का?"

खरं सांगायचं तर मार्क चांगले पडत होते म्हणून मी विषय सोडला.

शेवटची परीक्षा मात्र वेगळी होती. कॅमेरा चालू ठेवायचा, समोर एकटीनंच बसायचं, आणि संधी फक्त दोन. बुधवारी दुपारी आई बसली. पप्पा वरणगावला ड्युटीवर, मी जळगावला कॉलेजात. थोड्या वेळात तिचा फोन. "अगं, सगळं लाल झालं आणि बंद पडलं."

कॅमेऱ्यात दोन माणसं दिसली म्हणून परीक्षा रद्द झाली होती. दुसरं माणूस म्हणजे अक्का.

मी घरी आले तेव्हा अक्का अजून तिथेच होत्या, भिंतीला टेकून, पदराचं टोक हातात. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "अक्का, तुम्ही आत का आलात?"

"मी ते निस्ती बशेल व्हतू. तोंड तरी उघाडं का मी?" मग, "एकली बाई परीक्षाले बठनी. कोनी जोडे नको?" जोडे म्हणजे जवळ, शेजारी.

आमच्या गल्लीत कोणाचं बाळंतपण असो, कोणाच्या घरी पोरीला बघायला पाहुणे येणार असोत, कोणीतरी शेजारी जाऊन बसतं. काही बोलत नाही, फक्त बसतं. त्याला मदत कोणी म्हणत नाही, पण कोणी आलं नाही तर ते वर्षभर लक्षात राहतं. अक्कांनी तेच केलं होतं. फोनला दिसलं ते एवढंच, की कॉपी चाललीय.

"आते काय व्हई?" अक्का विचारत होत्या. उरलेली संधी शुक्रवारची होती, ती गेली की शनिवारी मॅडमना दाखवायला काहीच नाही.

गुरुवारी अक्का दिवसभर घराबाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी आईच वही घेऊन त्यांच्याकडे गेली. "अक्का, मला विचारा. पण उत्तर नका सांगू." अक्कांना वाचता येत नाही, म्हणून प्रश्न मी वाचले. अक्का ओठ घट्ट मिटून बसल्या. आई चुकली की त्यांची मान आपोआप हलायची, मग त्या चक्क भिंतीकडे तोंड करून बसल्या.

शुक्रवारी आई आत, दार बंद. आम्ही सगळ्या बाहेर ओट्यावर. काकूनं मिक्सर बंद ठेवला. भाजीवाला ओरडत आला, त्याला तीन जणींनी हातानंच पुढे घालवलं. मी ओट्यावर बसले आणि पहिल्यांदा असं वाटलं की मी एवढे कोर्स उघडले, माझ्यासाठी असं बाहेर कोणी बसलं नाही. कारण मी कधी कोणाला सांगितलंच नाही. फुकट आहे, एका बोटावर आहे, म्हणून कोणाला सांगायचं सुचतच नाही. सोडलं तरी कोणाला कळत नाही.

आणि गच्चीवरचे ते दहापैकी दहा? ती कॉपी होती की शिकणं होतं, मला अजून ठरवता येत नाही. पण आत ती एकटीच होती, आणि तिला येत होतं.

पाऊण तासानं दार उघडलं. आईनं फोन माझ्या हातात दिला. पास. फार जास्त मार्क नाहीत, पण पास.

"अवघड होती का?" काकूनं विचारलं.

"नाही. पण करमलं नाही गं आत."

"मंग? मी तेच सांगी राहिंतू," अक्का म्हणाल्या, आणि आईच्या शेजारी सरकून बसल्या.

शनिवारी सर्टिफिकेट दिलं, सोमवारी आई कामावर गेली. बालवाडीच्या फाटकापर्यंत तिला सोडायला चौघी होत्या.

गाडी आली वाटतं. पटकन सांगा, तुमच्या घरी कोणी मोठ्या वयात असं काही शिकलंय का? तेव्हा त्यांच्या जवळ कोण बसलं होतं? आणि तुम्ही एकटेच शिकत असाल, तर तुमचं होतं का हो पूर्ण?