अजानच्या वेळचा पंखा

नारपोलीत मामाचं सायझिंग आहे. लूमवर चढण्याआधी सुताला तिथे खळ लागते, वाफेच्या रोलरवर ते वाळतं आणि शेवटी बीमवर गुंडाळलं जातं. पूर्वी हे सगळं एकाच लांब शाफ्टवर फिरायचं. तो काढून प्रत्येक भागाला वेगळी मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा वेगळा ड्राइव्ह बसवायचा शहाणपणा माझा. नोकरी सोडून घेतलेलं हे पहिलंच काम. मामाने आधीच बजावलं होतं, "गरबर झाली तं जुना शाफ्ट परत बसवीन. भाचा हाय म्हनून खपवून घेनार न्हाय."

सगळ्या मोटरी एका चालीत फिराव्यात म्हणून मी ड्राइव्ह साखळीत जोडले. वेगाचा हुकूम खळीच्या टाकीकडून रोलरला, तिथून पुढे, हातोहात. वाफ ओढणारा मोठा पंखा वाटेतच होता. त्यालाही थोडी अक्कल द्यावी म्हणून त्याचा ड्राइव्ह मध्ये घेतला आणि मग बीमचा. तार किती कमी लागली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं. मशीन सुरू होताच फोटो काढले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

तेवढ्यात दुपारची अजान सुरू झाली. पंख्याच्या घरघरीत ती ऐकू येत नाही, म्हणून तेवढा वेळ पंखा बंद करायची तिथली रीत. खळीवरचे चाचा मी शाळेत होतो तेव्हापासून हे करतात. थोडी वाफ कोंडली तरी सुताचं काही बिघडत नाही. त्या शांततेत मी कितीदा चहा प्यायलोय! पण साखळी जोडताना हे डोक्यात आलं असेल तर शपथ.

चाचांनी खटका पाडला. पंख्याचा ड्राइव्ह मेला, पुढे हुकूम पोचेना, बीम थांबला. मागचे रोलर मात्र इमानदारीत सूत ढकलत राहिले. चिकट सूत शेवयांसारखं लोंबायला लागलं.

"बंद करा, बंद करा!" मी ओरडलो.

"बंद तो किया, बेटा," चाचा म्हणाले.

शेवटी मामानेच मशीन थांबवलं. मग चाचांना म्हणाला, "आजसे अजान में पंखा चालू रखना."

"ठीक है, सेठ." चाचा खाली बसून सूत गोळा करायला लागले.

शाफ्टचं नावही निघालं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. माझी वीतभर तार वाचावी म्हणून एवढ्या माणसांची अजान बुडणार होती.

"मामा, पंखा साखळीच्या टोकाला टाकतो. बीमच्याही पुढे. मग तो बंद केला तरी कुणाचं अडणार नाही."

"आनि अडला तं?"

"तर बसव तुझा शाफ्ट."

नवी तार छताखालून लोंबकळत गेली. फोटो काढण्यासारखी नव्हती.

पुढची अजान सुरू झाली तेव्हा मशीन पुन्हा चालू होतं. चाचांचा हात खटक्यापाशी जाऊन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पंखा थांबला. अजान स्वच्छ ऐकू येऊ लागली. बीमकडे बघायची माझी काही छाती होईना.

खांद्यावर मामाचा हात पडला.

"डोले उघर," तो हळूच म्हणाला. "फिरतंय."