समोरच्या खुर्चीतले भाऊ

चष्मा काढून खिशात ठेवायचा, सदऱ्याचं वरचं बटण लावायचं, खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचं आणि विचारायचं, "सांग, आता मी कोन आहो?" आमच्या लाखनीच्या कौशल्य केंद्रात दुपारच्या चहानंतर हे रोज चालायचं. गावोगावच्या मुलामुलींशी बोलून त्यांना कोणतं काम जमेल, कोणतं प्रशिक्षण घ्यावं हे सांगणारे आम्ही समुपदेशक, आणि आम्हाला तयार करणारे हे भाऊ. साठीच्या जवळ आलेले होते. हुद्द्याने वरिष्ठ, पण साहेब म्हटलेलं त्यांना खपत नसे.

ते कोण झालेत हे प्रश्न विचारून ओळखायचं. कधी ते नाकाडोंगरीचा पोरगा असत. बापासारखं खाणीत जायचं नाही, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. कधी मुलीला पुण्याच्या कारखान्यात धाडायला घाबरणारी आई असत. तुम्हीही आमच्या जागी असतात तर तेच केलं असतं, जे आम्ही करायचो. समोरचा गप्प बसला की योजनांची माहिती धडाधडा ओतायला लागायचो. मग भाऊ चष्मा परत डोळ्यांवर चढवत. "तू त रेडिओ आहेस. मले काही इचारलंच नाही."

आई होणं त्यांना सगळ्यात चांगलं जमे. सानगडीजवळच्या आपल्या गावात ते तरुणपणापासून दंडारीच्या खेळात, म्हणजे गावच्या नाटकात, बाईचं काम करत आले होते. मिशी त्यांनी जन्मात ठेवली नाही; दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत काढत कोण बसेल, म्हणायचे. एकदा ते असेच आई होऊन डोळे पुसत असताना एक खरोखरीचा बाप चौकशीला आत आला. त्याने पिशवी खाली ठेवली आणि भाऊंची समजूत काढायला लागला. माझीही पोरगी तिकडेच आहे, खुशाल आहे, रडू नका जी. भाऊंनी सोंग सोडलं नाही. पोरगी फोन करते का, काय खाते, सोबत कोण आहे, सगळं त्याला विचारून घेतलं. तो गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, याला ठेवा इथं, तुम्ही घरी जा.

रागीट होते. पत्रकं वाचून दाखवणाऱ्याच्या हातातून ती हिसकावून घेत. तरी मला हा माणूस फार आवडायचा. माझं बोलणं मधेच न तोडता ऐकणारा तेवढा एकच माणूस मला तेव्हा माहीत होता.

मग वरून फर्मान आलं. यापुढे प्रत्येक समुपदेशकाला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागेल. प्रमाणपत्र नसेल तर कंत्राट पुढे वाढणार नाही. प्रशिक्षण झालं, लेखी पेपरही झाला. तोंडी तेवढी राहिली, भंडाऱ्याला.

इथे माझी गोष्ट थोडी सांगावी लागेल. आमचं हायवेला लागून किराणा दुकान आहे. नवरा नोकरीला गोंदियाला, त्यामुळे दुकान सासूबाई एकट्या ओढत. परीक्षेचं कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, पास झाली तर ठीक, नाहीतर दुकान आहेच. मी दुकानात बसावं, हा त्यातला अर्थ मला लख्ख दिसला. म्हणून मी नापास व्हायचं ठरवलं होतं. भांड्याला भांडं न लागता नोकरी सुटली असती, आणि दोष परीक्षेवर गेला असता. भंडाऱ्याच्या बसमध्ये हे मी भाऊंना सांगून टाकलं. ते खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाले.

तोंडी परीक्षा म्हणजे एकाने काम शोधणारा व्हायचं, दुसऱ्याने त्याचं समुपदेशन करायचं, परीक्षकांनी बघायचं. जोडीदार आपल्याच केंद्रातला चालत होता. सगळ्यांनी आपसात साटंलोटं केलं होतं, तू मला सोपं जा, मी तुला सोपं जातो. भाऊंच्या वाऱ्याला कोणी उभं राहीना. मी त्यांनाच घेतलं. नापासच व्हायचं तर त्यांच्याइतका खात्रीचा माणूस नव्हता.

भाऊ समोर बसले. नसलेली ओढणी त्यांनी खांद्यावर सारखी केली आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरला. हॉलमध्ये आमच्या केंद्राची माणसं खुदकन हसली. ती माझी सवय होती.

"मॅडम, मले नोकरी सोडाची आहे," भाऊ म्हणाले.

उठून जावं असं वाटलं. पण रोज दुपारी लागलेलं वळण जातं थोडंच? कारण विचारलं. घरी दुकान आहे, सासूबाईंना हात लागतो, त्यांच्या मनात नोकरी नाही. सगळं माझंच, माझ्याच आवाजात. मी विचारलं, सासूबाई तसं म्हणाल्या का? भाऊ अडखळले. म्हणाल्या नाहीत, पण दुकान आहेच म्हणाल्या. मग त्यांना तुम्ही विचारलं का? भाऊंनी नकारार्थी मान हलवली. मी खरंच विचारलं नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "तुमाले काय पायजे?"

भाऊंनी अंगठा सोडला. हळूच म्हणाले, "हे मले कसं ठाऊक राहीन? हे त तुमीच सांगा."

"मला ही नोकरी पाहिजे," मी म्हटलं. समुपदेशक कोण आणि उमेदवार कोण, हे परीक्षकांना कळेनासं झालं असावं. त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पास मात्र केलं.

पुढची नावं पुकारली गेली. त्यांत भाऊंचं नव्हतं. त्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती, त्यांना प्रमाणपत्राची गरजच नव्हती. ते एवढ्या उन्हात नुसते समोरच्या खुर्चीत बसायला आले होते. बाहेर आलूबोंडा खात उभे होते. सगळ्यांसमोर माझी नक्कल काढली म्हणून मी भांडायला गेले, आणि त्यांनी उरलेला बोंडा माझ्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर सासूबाईंना जे हॉलमध्ये बोलले तेच सांगितलं. त्या गुळाची भेली फोडत होत्या.

"मंग पहिलेच काहून नाही सांगितलं? मले वाटलं, तुले दुकानच आवडते."

मी हसत हसत भाऊंना फोन केला. तेही पोटभर हसले. मग म्हणाले, "अन् तुवा तिले काय इचारलं?"

काहीच नव्हतं विचारलं. हिंमत करून एका दुपारी विचारलं, तुमाले काय पायजे? सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मी रेडिओ झाले नाही. मग त्यांनी सांगितलं, की त्यांना या दुकानाचा केव्हाचा कंटाळा आला आहे. सुनेला बसायला हक्काची जागा असावी म्हणून चालू ठेवून राहिली मी, म्हणाल्या. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. भाऊंना समोर बसवून, त्यांचा चेहरा बघत सांगायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि दिवाळीच्या आत ते गेले.

सासूबाई त्या दिवशी दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर निघाल्या. भाऊंच्या घरी ओसरीवर माणसं होती. जो तो त्यांच्या पत्नीला काही ना काही समजावत होता, देवाची मर्जी, लेकरांकडे पाहा, दोन घास जेवा. ती खाली मान घालून ऐकत होती. मी दाराशीच थांबले.

सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमाले काय पायजे?"

तिने मान वर केली. "थोडासा च्या," ती म्हणाली. "सकाळपासून सारे जेव जेव म्हनून राहिले. च्याचं कोनी इचारलंच नाही."

सासूबाई उठल्या आणि शेजारच्या घरी चहा सांगायला गेल्या.