मावशीच्या आवाजाची दोन चित्रं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या बायकांचे आवाज रेकॉर्ड करत होते. पहिला आवाज सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या माझ्या मावशीचा घेतला, थंडीत. उन्हाळ्यात तीच वाक्यं तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली. माइक तोच, मागची खोली तीच, तोंडापासूनचं अंतरही तेवढंच. सोलापूरला परत येऊन दोन्ही फायली सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, तर त्या एकाच बाईच्या वाटेनात.

सॉफ्टवेअर दोन कामं करतं. एक ऑटोकोरिलेशन: आवाजाची लाट तिच्या स्वतःवरच ठेवून सरकवायची आणि किती सरकल्यावर ती पुन्हा स्वतःशी जुळते ते बघायचं. त्यावरून आवाजाची पट्टी कळते आणि पडद्यावर तिची रेघ उमटते. दुसरं लिनियर प्रेडिक्शन: लाटेचे मागचे काही बिंदू घेऊन पुढचा कुठं पडेल याचा अंदाज बांधायचा. तो बांधताना जे आकडे हाती लागतात, त्यांतून बोलताना तोंड आणि घसा कसा उघडला होता ते समजतं. उन्हाळ्यातल्या मावशीची पट्टी बरीच चढली होती. प्रत्येक 'आ'ला तोंड जास्त उघडत होतं आणि लांब स्वरांच्या शेवटी रेघ तुटत होती.

माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून मी सगळी सेटिंग्ज बदलून पाहिली. मार्गदर्शक सर म्हणाले, फाइल खराब आहे, दुसरी बाई शोधा. मला ते जमेना. कॉलेजात शिकवताना फळ्याकडे वळले तरी ती तुटकी रेघ समोर यायची. मग एकदा बसमध्ये लक्षात आलं, की माणूस ओरडून बोलतो तेव्हा नेमकं हेच होतं. मावशी पहिल्यापासून मोठ्या आवाजाची, त्यामुळे समोर बसून मला वेगळं काही जाणवलं नव्हतं. पण वीतभरावरच्या माइकपुढे ती कुणासाठी ओरडत होती?

रविवारी न कळवता कुंभारीला गेले. मावशीचा नवरा, म्हणजे काका, अंगणात पाठमोरे बसून रिक्षाची सीट शिवत होते. मी दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत. माझी सावली सीटवर पडली तेव्हा दचकून हसले.

काकांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली होती. कारखाना सुटल्यावर ते शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायला लागले होते. स्वयंपाकघरात मी मावशीला विचारलं, तेव्हा तिनं आधी उडवून लावलं, मग दार लोटून घेतलं. काकांना थंडी सरल्यापासून जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. ओठांकडे बघून ते अंदाजानं उत्तरं देत होते.

"कुनाला बोलू नगंस," ती म्हणाली. "पोरांच्या आईबापांना कळलं तर रिक्षा जाईल. नुसतं घरात बसून त्यो मानूस जगायचा न्हाय."

मी बरं म्हणाले आणि निघाले. पुढचे दोन दिवस डोळ्यांपुढे तेच येत राहिलं. मागून येणारा ट्रक, त्याचा हॉर्न, रिक्षात दाटीवाटीनं बसलेली सात मुलं. मावशीला दिलेला शब्द मोडायचा, की गप्प राहून रोज सकाळी शाळा भरण्याची वेळ टळेपर्यंत जीव मुठीत धरायचा? बुधवारी रजा टाकली आणि काकांनाच दाखवायचं ठरवून लॅपटॉप घेऊन परत गेले.

काकांना रेकॉर्डिंग ऐकवून उपयोग नव्हता. मी दोन्ही रेघा एकाखाली एक दाखवल्या आणि वहीत लिहिलं: वरची मावशी थंडीतली, खालची आताची. तुम्हाला ऐकू जावं म्हणून दिवसभर ओरडून तिचा घसा असा झालाय.

पडद्यावरच्या तुटलेल्या जागांवर काकांनी बोट फिरवलं.

"मला वाटायचं, ही हळू बोलायला लागलीया," ते म्हणाले. "माझ्यावर रुसलीया म्हून."

मावशी दारात उभी होती. ती पाठ फिरवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत काकांनी सोडलं नाही. गल्लीतल्या दुसऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी आपल्या रिक्षातली मुलं दिली आणि घरोघर जाऊन तसं स्वतःच सांगितलं. पुढं कानाचं मशीन मिळालं. ते लावलेलं असताना भांडी आपटली की पुन्हा मागावर उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणून घर शांत असतं तेव्हा, दुपारी तेवढं लावतात. उरलेल्या वेळात शेजारच्यांच्या रिक्षांच्या सीटा शिवून देतात. तेवढ्यानं त्यांचा दिवस सरत नाही, हे मला दिसतं.

मावशी चार महिने माझ्याशी बोलली नाही. मग दिवाळीला तिनं स्वतःच तिसरं रेकॉर्डिंग दिलं. पट्टी थोडी उतरली होती, थंडीतल्या जागेवर मात्र आली नव्हती. प्रबंधात मी फक्त पहिली फाइल वापरली. कारण विचारलं तेव्हा सरांना सांगितलं, की बाकीच्या दोन घरगुती आहेत.